बंदी ज्या आदेशाने येते, धान्यही त्याच आदेशाने यावं

प्रति,
मा. मंत्री, अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण,
मा. सचिव, अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : साथरोगाच्या काळात यादीबाहेरच्या कुटुंबांना रेशन देण्यासाठी स्थायी आदेश काढण्याबाबत

महोदय,

मी नाशिकच्या सातपूर-अंबड पट्ट्यात घरकाम करणाऱ्या बायकांबरोबर काम करते. कोणाचं रेशन कार्ड अडलंय, कोणाचं नाव चढत नाही, कोणाचा अंगठा मशीनवर उमटत नाही, ही आमची रोजची कामं. करोना येऊन गेला, मास्क गेले, कोविड केंद्रांच्या जागी पुन्हा मंगल कार्यालयं आणि वसतिगृहं सुरू झाली. त्या काळात ज्या घरांत धान्य पोचलं नाही, त्यांच्यासाठी मात्र कायमची व्यवस्था अजून झालेली नाही. ती व्हावी, एवढ्यासाठी हे खुलं पत्र आहे.

मागणी आधीच सांगते. साथीमुळे लोकांनी घराबाहेर पडू नये असा आदेश ज्या दिवशी निघेल, त्या दिवसापासून बंदी उठेपर्यंत आणि त्यानंतर तीन महिने, जे कुटुंब मागेल त्याला जवळच्या रास्त भाव दुकानातून धान्य, डाळ आणि तेल मिळालं पाहिजे. कार्डाचा रंग, उत्पन्नाचा दाखला, आधार, अंगठा यांतलं काहीही त्या वेळी आड येता कामा नये.

२४ मार्च २०२०च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. आमच्या बायकांची कामं त्याच्या आधीच सुटायला लागली होती, कारण सोसायट्यांनी त्यांना गेटवरच अडवायला सुरुवात केली होती. काही मालकिणींनी मार्चचा पगार दिला, मोजक्या जणींनी एप्रिलचाही दिला. बाकीच्यांनी फोन उचलणं बंद केलं. नवरे कुठे ठेकेदाराकडे, कुठे बिगारीवर, कुठे रिक्षावर. तेही घरी बसले. महिन्याचा किराणा भरून ठेवणारी ही घरं नव्हेत. इथे तेल पावशेर येतं, डाळ अर्धा किलो येते आणि पगार झाला की दुकानदाराच्या वहीतली उधारी चुकती होते. पगार थांबला की पंधरा दिवसांत वही बंद होते, कारण त्या दुकानदारालाही पुढे माल रोखीने उचलावा लागतो.

अशा घरात अन्न कसं संपतं ते मी जरा सविस्तर लिहिते. भूक म्हटलं की रिकामी भांडी डोळ्यांसमोर येतात, पण तसं एकदम होत नाही. आधी दूध जातं, चहा कोरा होतो. मग भाजी एक दिवसाआड होते. डाळ पातळ होत होत हळदीच्या पाण्यावर येते. तेल तळाला गेलं की फोडणी बंद होते. मग मिरचीचा ठेचा आणि चपाती. त्यानंतर चपात्या मोजायला लागतात आणि मोजणारी बाई पहिल्यांदा स्वतःच्या चपात्या कमी करते. विचारलं तर म्हणते, मला आज भूकच नाही. मुलांच्या ताटाला हात लागतो तो सगळ्यांत शेवटी. म्हणजे मुलाचं घटलेलं वजन अंगणवाडीच्या नोंदीत दिसेपर्यंत त्या घरातली बाई कित्येक आठवडे अर्धपोटी राहिलेली असते. तिचं वजन कोणी करत नाही. गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल तर निदान नोंद होते. पन्नाशीची विधवा, एकटी राहणारी म्हातारी, सुनेच्या घरात तोंड मिटून बसलेली सासू यांची नोंद कुठेच होत नाही.

हातात गहू असूनही उपाशी राहायची पाळी येते, हे मी त्या उन्हाळ्यात पाहिलं. गल्लीत रुग्ण सापडला, प्रतिबंधित क्षेत्र म्हणून पत्रे ठोकले गेले आणि पिठाची गिरणी पत्र्यांच्या पलीकडे राहिली. बायकांनी गहू भिजवून, वाटून धिरडी केली. कोणी नुसत्या घुगऱ्या शिजवल्या. जिथे गिरणी चालू होती, तिथे दळणाला रोख पैसे नव्हते. उज्ज्वलाच्या यादीतल्या घरांना तीन टाक्या फुकट जाहीर झाल्या, पण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कितीतरी घरांत गॅस काळ्या बाजारातून लहान टाकीत भरून आणला जातो. ती टाकी संपली की तांदूळही शिजत नाही. म्हणून मी नुसतं धान्य मागत नाही. पत्रे ठोकलेल्या गल्लीत गव्हाऐवजी पीठ द्यावं लागेल, सोबत डाळ आणि तेल द्यावं लागेल, तर ते ताटात पडेल.

हे सगळं मोजता येत नाही, असं कोणी म्हणू नये. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने त्यासाठी आठ प्रश्न तयार केलेले आहेत आणि जगभर ते विचारले जातात. पैशांअभावी जेवण मिळेल की नाही याची काळजी वाटली का, तेच तेच खावं लागलं का, एखादं जेवण टाळावं लागलं का, घरातलं अन्न संपलं का, भूक असून जेवता आलं नाही असं झालं का, अख्खा दिवस उपाशी राहावं लागलं का, अशा धर्तीचे ते प्रश्न आहेत. शाळेतली मुलगीही ते विचारून हो-नाही लिहून घेऊ शकेल. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम काढली. आशाताई आणि स्वयंसेवक घरोघर गेले, तापमान पाहिलं, बोटाला यंत्र लावून ऑक्सिजन पाहिला, मधुमेह आणि रक्तदाब विचारला. एवढ्या घरांच्या उंबऱ्यापर्यंत शासन क्वचितच पोचलं असेल. त्या वेळी या आठांतले दोन प्रश्न जरी विचारले असते, तरी कोणत्या वॉर्डात, कोणत्या पाड्यावर घास कमी पडतोय याचा नकाशा महिन्याभरात आपल्या टेबलावर आला असता.

तो नकाशा नसल्याने अंदाज बांधायला बाहेरच्या पाहण्यांवर विसंबावं लागलं. अन्न अधिकार अभियानाने २०२०च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रासह ११ राज्यांत सुमारे ४,००० गरीब कुटुंबांशी बोलून 'हंगर वॉच' पाहणी केली. टाळेबंदीआधीच्या तुलनेत आपलं खाणं कमी झालं, असं जवळपास दोन-तृतीयांश लोकांनी सांगितलं. टाळेबंदी तोवर बरीचशी उठली होती, हे लक्षात घ्यावं. दुकानं उघडली म्हणून घरातलं ताट लगेच भरत नाही. कामं परत मिळाली ती कमी पगारावर, आणि पहिला पगार उधारी, घरभाडं आणि बचत गटाच्या हप्त्यात गेला. बंदीनंतरचे तीन महिने मी मागते ते याच कारणाने.

आता यादीकडे येते, कारण सगळी अडचण तिथे आहे.

तहसील कार्यालयात किंवा शिधावाटप कार्यालयात नवं नाव घेऊन गेलं की एक उत्तर ठरलेलं असतं : इष्टांक, म्हणजे धान्य द्यायच्या माणसांची ठरवून दिलेली संख्या, पूर्ण झाला आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली आला, महाराष्ट्रात १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. ग्रामीण भागातल्या ७६.३२ टक्के आणि शहरी भागातल्या ४५.३४ टक्के लोकांना धान्य मिळेल असं ठरलं आणि त्याचा आकडा सुमारे ७ कोटी असा गोठला. हे प्रमाण २०११च्या जनगणनेवर काढलेलं आहे. २०२१ची जनगणना झाली नाही, पुढची २०२७ मध्ये होते आहे. या मधल्या काळात जन्मलेली मुलं, लग्न होऊन आलेल्या सुना, खानदेश-मराठवाड्यातून कामासाठी नाशिकला आलेली कुटुंबं या सगळ्यांना एखादं नाव गळण्याची वाट पाहावी लागते. आमच्या पट्ट्यातली निम्मी वस्ती अशीच बाहेरून आलेली आहे. शहराचं प्रमाण गावापेक्षा इतकं कमी ठेवलंय आणि साथीने पहिला घाव शहरातल्या दाट वस्त्यांवर घातला.

उत्पन्नाची अट पाहा. प्राधान्य कुटुंबासाठी, म्हणजे या कायद्याच्या धान्याच्या यादीत येण्यासाठी, शहरात वर्षाला ५९,००० रुपये आणि ग्रामीण भागात ४४,००० रुपये ही मर्यादा ठरली आणि महामारीतही तीच होती. ५९,००० म्हणजे महिन्याला ५,००० रुपयेसुद्धा नाहीत, तेही सगळ्या कुटुंबाचं मिळून. चार घरची भांडी घासणारी बाई आणि ठेकेदाराकडे हेल्पर असलेला नवरा यांचं खरं उत्पन्न लिहिलं तर ते यादीतून बाहेर जातात. त्यांना केशरी कार्ड मिळतं, पण धान्य मिळत नाही. एक लाखाच्या वर, म्हणजे महिन्याला साडेआठ हजार मिळवणाऱ्या कुटुंबाचं कार्ड पांढरं. मार्च २०२०च्या शेवटच्या आठवड्यात हे सगळे रंग एका रात्रीत निरर्थक झाले, कारण पिवळ्या, केशरी आणि पांढऱ्या कार्डवाल्या घरांचं उत्पन्न सारखंच शून्य झालं. कार्ड मात्र मागच्या वर्षीच्या दाखल्यावर चालत राहिलं.

पंतप्रधान गरीब कल्याण अन्न योजनेत एप्रिल २०२० पासून माणशी ५ किलो धान्य जादा, फुकट मिळू लागलं. ते यादीतल्यांना. त्याबद्दल मी मनापासून आभार मानते, कारण त्या धान्याने लाखो घरं तगली. केशरी कार्डवाल्यांसाठी राज्याने स्वतंत्र निर्णय घेतला : माणशी ३ किलो गहू ८ रुपये दराने, २ किलो तांदूळ १२ रुपये दराने, मे आणि जून महिन्यांसाठी. चांगला निर्णय होता, पण बंदी २५ मार्चपासून आणि धान्य मेचं. मधला एप्रिल त्या घरांनी कसा काढला? आमच्याकडे तो गुरुद्वाऱ्याच्या लंगरने, मशिदीच्या आणि मंडळांच्या पाकिटांनी, कंपन्यांच्या किटने आणि शेजाऱ्याच्या ओंजळीने काढला. ज्यांच्याकडे कार्डच नव्हतं त्यांच्यासाठी केंद्राने आत्मनिर्भर योजनेत ८ कोटी लोकांचा अंदाज धरून दोन महिन्यांचं धान्य मंजूर केलं. त्यातला मोठा हिस्सा मुदतीत वाटलाच गेला नाही. कोणाला द्यायचं याची यादी कोणाकडेच नव्हती, आणि यादी नसताना देण्याची सवय यंत्रणेला नव्हती.

धान्य नव्हतं म्हणून हे झालं असतं, तर मी हे पत्र लिहिलं नसतं. जुलै २०२०च्या सुरुवातीला केंद्राच्या साठ्यात ८ कोटी टनांच्या आसपास गहू-तांदूळ होता. त्या तारखेला किमान ४ कोटी ११ लाख टन असावा असा निकष आहे. जवळपास दुप्पट साठा असताना आमच्या गल्लीत बाई गहू वाटून धिरडी करत होती.

८ मे २०२०ला करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातलं काम थांबल्यावर ते भुसावळच्या दिशेने चालत निघाले होते, तिथून मध्य प्रदेशात घरी जायचं होतं. 'एक देश एक रेशन कार्ड' योजनेत १ जानेवारी २०२०ला जी १२ राज्यं जोडली गेली, त्यांत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोन्ही होते. म्हणजे कागदावर तिकडचं कार्ड जालन्यात चालणार होतं. पण मजुराचं कार्ड गावाकडे असतं आणि धान्य तिकडे राहिलेले आई-बाप, बायको-मुलं खातात. त्याने इथे आपला वाटा उचलला तर तिकडे किती उरतो, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं आणि दुकानदारालाही नीट ठाऊक नसतं. साथीत दोन्ही ठिकाणी पोट भरायचं असतं. म्हणून स्थायी आदेशात परराज्यातल्या मजुरालाही मागेल त्या दुकानातून धान्य मिळावं, आणि ते त्याच्या गावाकडच्या वाट्यातून वळतं करून नव्हे.

हे करता येतं याचे दाखले शोधायला लांब जावं लागत नाही. त्याच काळात आपल्याच विभागाने दुकानदाराच्या अंगठ्यावर वाटप करायला परवानगी दिली, ग्राहकाने मशीनला हात लावायची गरज ठेवली नाही. भांडी घासून, फरशा पुसून ज्यांच्या बोटांच्या रेषा गेल्यात त्या बायकांना तर त्या काळात इतर वेळेपेक्षा सुखाने धान्य मिळालं. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देहविक्रय करणाऱ्या महिलांना ओळखपत्राचा आग्रह न धरता शिधा द्यायला सांगितलं आणि पुढे महाराष्ट्राने त्यांच्यासाठी महिन्याला ५,००० रुपयांची मदतही जाहीर केली. शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२०ला १० रुपयांत सुरू झाली, टाळेबंदी लागताच ५ रुपयांवर आणली आणि दुसऱ्या लाटेत मोफत केली. तिथे कोणी कार्ड विचारलं नाही. केरळने सगळ्या कार्डधारकांना, श्रीमंत-गरीब न पाहता, किराण्याच्या १७ वस्तूंचं किट दिलं. दिल्लीने कार्ड नसलेल्यांसाठी ई-कूपन काढलं. त्यात संकेतस्थळ बंद पडण्यापासून सगळ्या अडचणी आल्या, तरी लाखो लोकांना त्यावर धान्य मिळालं.

थाळीबद्दल एक सांगायचं राहिलं. एकट्या माणसासाठी, वाटेवरच्या मजुरासाठी थाळी हा मोठा आधार आहे. पाच माणसांच्या घराला तिने भागत नाही. प्रत्येकाने केंद्रावर जाऊन रांग लावायची, तीही लोकांनी गर्दी करू नये असं आपण सांगत असताना. घराला शिधाच लागतो.

रोख रकमेचंही तसंच. दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, नोंदणी असलेल्या घरेलू कामगारांना मदत जाहीर झाली. आमच्यातल्या बहुतेकींची नोंदणी नव्हती किंवा नूतनीकरण राहिलं होतं, त्या वगळल्या गेल्या. ज्यांना दीड हजार मिळाले त्यांनी ते घेतले आणि त्यांना ते हवेच होते. पण त्या दिवसांत खाद्यतेल इतकं महागलं होतं की तेल, डाळ, साखर आणताच पिशवी भरायच्या आत पैसे संपत. मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकरी कुटुंबांना आता धान्याऐवजी माणशी महिना १५०, नंतर १७० रुपये खात्यात देण्याची पद्धत आली आहे. साथीच्या काळात ही पद्धत आणू नये, एवढी विनंती. बँक बंद, एटीएम लांब, किराण्याचे भाव रोज वेगळे, अशा वेळी खात्यातले १७० रुपये ५ किलो धान्याची जागा घेऊ शकत नाहीत.

उशीर किती घात करतो, यासाठी खावटीचं उदाहरण देते. आदिवासी कुटुंबांसाठी खावटी अनुदान योजना २०२०च्या पावसाळ्यात पुन्हा सुरू करण्याचा निर्णय झाला. साडेअकरा लाखांवर कुटुंबं, प्रत्येकी ४,००० रुपये, त्यातले २,००० रोख आणि २,०००च्या वस्तू : मटकी, चवळी, हरभरा, तूरडाळ, उडीदडाळ, शेंगदाणा तेल, मीठ, मिरची, चहा. यादी वाचून वाटतं, कोणीतरी खरंच त्या घरच्या स्वयंपाकाचा विचार केलाय. पण पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर या वस्तू पोचेपर्यंत दुसरी लाट येऊन ओसरली होती. छाननी, निविदा, खरेदी, वाहतूक हे सगळं संकट आल्यानंतर सुरू केलं की असंच होणार. किटमध्ये काय असेल, ते कोणत्या दराने कोण पुरवेल, हे साथ नसताना ठरवून ठेवता येतं.

आपल्या राज्याला दुष्काळाशी लढण्याची ओळख आहे. १९७२च्या दुष्काळात माणसं खडी फोडायला गेली, रस्ते आणि पाझर तलाव झाले, कामावर सुकडी मिळाली, अमेरिकेतून आलेला मिलो खाऊन का होईना लोक जगले, आणि त्यातून रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. माझ्या आईच्या पिढीला ते दिवस तोंडपाठ आहेत. पण त्या सगळ्या व्यवस्थेचा पाया एकच होता : हाताला काम द्या, काम करणारा खाईल. साथीत शासन स्वतःच काम थांबवायला सांगतं. जो माणूस शासनाच्या सांगण्यावरून, दुसऱ्याला लागण होऊ नये म्हणून घरी बसतो, त्याच्या घरच्या जेवणाची जबाबदारी शासनाकडे येते. दुष्काळाची पद्धत इथे लागू पडत नाही. साथीसाठी वेगळी व्यवस्था उभी करावी लागेल.

अन्न हा साथीच्या उपचाराचाच भाग आहे, हे आता प्रयोगानेही दिसलं आहे. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्या माणसांना दर महिन्याला ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ अशी जोड देऊन पाहिली गेली. ज्या घरांना ती मिळाली, तिथे नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं आणि संसर्ग पसरवणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयाचं ४८ टक्क्यांनी. २०२३ मध्ये 'लॅन्सेट'ने ते निष्कर्ष छापले. १०,००० वर माणसांवरचा हा अभ्यास आहे. तांदूळ-डाळीने एवढं होतं. आणि करोनात लोक बंदी मोडून बाहेर पडले म्हणून आपण त्यांना दोष दिला, तेव्हा त्यांतले कितीजण पिठासाठी बाहेर पडले होते, हेही विचारायला हवं होतं.

कायद्याची आडकाठी आहे का, तर नाही. उलट कायदा आपल्या बाजूने आहे. १८९७चा साथरोग कायदा मुंबई-पुण्याच्या प्लेगसाठी इंग्रजांनी केला, त्यात तपासणी आहे, विलगीकरण आहे, शिक्षा आहे, अन्नाचा उल्लेख नाही. पण २००५चा आपत्ती व्यवस्थापन कायदा मदतीच्या किमान निकषांत निवारा, पाणी, औषधोपचार यांच्याबरोबर अन्न धरतो, आणि कलम १९ प्रमाणे राज्याच्या प्राधिकरणाने आपल्या राज्यासाठी तसे निकष ठरवायचे असतात. करोनाची टाळेबंदी याच कायद्याखाली लागली होती. अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ४४ मुद्दाम पाहावं. युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप यांमुळे पुरवठा विस्कळीत झाला तर सरकारला जबाबदारीतून सूट मिळते. त्या यादीत साथरोग नाही. म्हणजे साथीत जबाबदारी कायम आहे. आणि दुष्काळाच्या प्रकरणात, १३ मे २०१६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दुष्काळी भागातल्या कोणत्याही कुटुंबाला केवळ रेशन कार्ड नाही म्हणून धान्य नाकारू नये, ओळखीचा आणि राहण्याचा इतर पुरावा पुरे. दुष्काळासाठी जे लागू झालं ते साथीसाठी राज्याने आपणहून लागू करावं. जून २०२१ मध्ये स्थलांतरित मजुरांच्या प्रकरणात न्यायालयाने पुन्हा महामारी असेपर्यंत सुका शिधा आणि सामुदायिक स्वयंपाकघरं चालवायला सांगितली होती, आणि लाभार्थ्यांची संख्या नव्याने ठरवावी असं केंद्रालाही सांगितलं होतं. इष्टांक वाढवणं केंद्राच्या हातात आहे हे मला समजतं. पण साथीच्या काळापुरतं इष्टांकाबाहेर धान्य देणं राज्याच्या हातात आहे, केशरी कार्डांच्या निर्णयात आपण ते केलं आहे.

गैरफायदा घेतला जाईल, दुकानदार खोट्या नावांवर धान्य काढतील, अशी हरकत येईल. थोडं होईलही. त्यासाठी दुकानावर रोज नावांची यादी लावावी, वॉर्डातली दक्षता समिती खरोखर भरवावी, तिच्यात आशाताई आणि अंगणवाडीताईंना घ्यावं. गल्लीत कोण खरंच राहतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. धान्य घेणाऱ्याने साध्या कागदावर नाव, माणसं किती आणि सही किंवा अंगठा द्यावा. स्वस्तातला जाडा तांदूळ घ्यायला ज्याच्या घरी भरपूर आहे तो उन्हात रांगेत उभा राहत नाही, हे दुकानावर एक दिवस बसलं तरी दिसतं. ज्याला चालता येत नाही, जो विलगीकरणात आहे, ज्या घरातला कर्ता माणूस दवाखान्यात आहे, तिथे शिधा दारात पोचवायची व्यवस्था आदेशातच लिहिलेली असावी. नंतर वेगळं पत्र काढू म्हटलं की ते पत्र कधीच वेळेवर निघत नाही.

आजच्या घडीचीही एक गोष्ट याला जोडून आहे. गेली काही वर्षं ई-केवायसी, म्हणजे कार्डावरची माणसं आधार आणि अंगठ्याने पडताळणं, चालू आहे. नावं तपासायला आमची ना नाही. मेलेल्या माणसाच्या नावावर धान्य निघू नयेच. पण ज्यांचा अंगठा उमटत नाही, ज्यांच्या आधारवरचं नाव आणि कार्डावरचं नाव एका वेलांटीने वेगळं आहे, ज्यांची मुलं ऊसतोडीला बाहेरगावी आहेत, त्यांची नावं थांबली तर पुढची साथ येईल तेव्हा यादीबाहेरची घरं आणखी वाढलेली असतील. नाव थांबवण्याआधी घरी जाऊन खात्री करावी, आणि थांबवलेली नावं दुकानाबाहेर मराठीत मोठ्या अक्षरात लावावीत, म्हणजे मुदतीत हरकत घेता येईल.

या मागणीची प्रत आम्ही राज्य अन्न आयोगाला आणि राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला पाठवत आहोत. स्थायी आदेशाचा कच्चा मसुदा आम्ही सोप्या मराठीत लिहिला आहे. तो घेऊन आमच्या घरकामगार बायका आपल्याला भेटायला यायला तयार आहेत. गव्हापासून ताटापर्यंत काय काय अडलं, ते माझ्यापेक्षा त्या जास्त नेमकं सांगतील. नाशिकहून पहाटे निघून संध्याकाळी परतणं त्यांना जमतं, पण दोन दिवसांची सुट्टी घेतली तर काम जातं. तेव्हा भेटीची तारीख कृपा करून आठ दिवस आधी कळवावी, आणि वेळ दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान द्यावी.

आपली,
घरकामगार बायकांसोबत काम करणारी एक कार्यकर्ती,
सातपूर, नाशिक